मदत हवी आहे : ९ एमएमची छोटी कार्बाइन, वापरलेल्यांचे अनुभव सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, घरात बंदूक असावी की नसावी या वादासाठी हा धागा नाही. त्यावर भरपूर काथ्याकूट होऊन गेलाय. मला हवेत ते वापरणाऱ्यांचे अनुभव.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ. ग्रीन कार्ड आहे. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली, तेव्हापासून नेमबाजीची खोड लागली ती लागलीच. इथे ९ एमएमचं पिस्तूल घेतलं, आवडतंही, पण उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) धरून खेचताना अशी कळ जाते की पन्नास गोळ्यांची पेटी संपेस्तोवर हात कामातून गेलेला असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिमटीत जोर लागेल अशी कामं कमी करा. नवरा म्हणाला, विकून टाक आणि भरतकाम कर. (भरतकामाला चिमूट लागत नाही असं त्याला वाटतं.)

म्हणून पिस्तुलाच्याच गोळीची रायफल घ्यायचं मनात आहे. दस्ता खांद्याला टेकला की मनगटावरचा भार जातो, घरातल्या ९ एमएमच्या पेट्या वाया जात नाहीत, आणि आमच्या इनडोअर रेंजवर रायफलच्या गोळ्यांना बंदी असली तरी पिस्तुलाच्या चालतात. भारतातल्या वाचकांसाठी : कार्बाइन म्हणजे बंदोबस्तातल्या पोलिसाच्या गळ्यातली धडधडणारी नव्हे. ही नागरी, एकदा चाप ओढला की एकच गोळी.

तीन नावं काढली आहेत. रूगरची पीसी कार्बाइन, केलटेकची सब-२००० आणि स्मिथ अँड वेसनची एफपीसी. तिन्हींची नळी १६ इंच किंवा किंचित वर, कारण १६ पेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या कायद्याखाली नोंदवावी लागते आणि त्या भानगडीत मला पडायचं नाही. पहिली मधोमध सुटी होते, दुसरी आणि तिसरी दुमडते. घर लहान, मूल दहा वर्षांचं, तिजोरी अरुंद. त्यामुळे लहान होणं ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे.

व्हिडिओ पुष्कळ पाहिले. सगळे नव्या कोऱ्या बंदुकीतून दोन मॅगझिनं रिकामी करतात आणि 'झकास' म्हणतात. मला विचारायचंय ते असं की वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर काय खटकतं? बोल्ट (आतला मागे-पुढे सरकणारा धातूचा ठोकळा) मागे ओढायला किती जोर लागतो? माझी उंची पाच फूट एक इंच, दस्ता लांब पडेल का? आणि धक्का खरंच कमी असतो की ती नुसती जाहिरात?

---

खडूस काका

रानजाई, टेक्ससहून लिहितोय. पीसी कार्बाइन ती नव्याने आली त्याच्या पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे आहे, म्हणजे २०१८ पासून.

धक्क्याचं आधी. या बहुतेक कार्बाइन साध्या ब्लोबॅकवर चालतात. गोळी सुटताना बोल्ट कुठेही कुलूपबंद नसतो, नुसत्या स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने अडून राहतो. त्यामुळे बोल्ट जड ठेवावा लागतो आणि ते जड धूड मागे-पुढे आपटत राहतं. ९ एमएम म्हणजे अगदी लोणी, अशी अपेक्षा ठेवली तर चकित व्हाल. पिस्तुलापेक्षा नक्कीच सौम्य, पण खांद्याला ठक् असं लागतं. रूगरने बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकतं वजन घातलंय, त्याने ती आपट बरीच मऊ होते. शिवाय बंदूकच ३ किलोच्या वर आहे. तुम्ही दुमडणाऱ्या ज्या दोन पाहताय त्या हलक्या, सब-२००० तर २ किलोच्या आसपास. वजन कमी तितका धक्का जास्त, याला कंपनी कोणतीही असो, उपाय नाही.

आता तुमचा अंगठा. पीसीचा बोल्टचा दांडा डावीकडे लावता येतो. तो डावीकडे घ्या. उजवा हात मुठीवर तसाच राहील आणि दांडा डाव्या हाताच्या चार बोटांनी आकड्यासारखा ओढायचा, चिमटीची गरजच नाही. जोर लागतो, पण तो दंडाचा.

उंचीचं म्हणाल तर दस्त्याच्या टोकाला काढता-घालता येतील अशा चकत्या आहेत. त्या सगळ्या काढा. माझी बायको तुमच्याच उंचीची, तिला तेव्हा कुठे गाल नीट टेकला.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमचा अंगठा स्लाइडपेक्षा मॅगझिन भरताना जास्त मरतो. शेवटच्या चार-पाच गोळ्या दाबताना आठवून पाहा. अपलूला नावाचं प्लास्टिकचं भरणयंत्र मिळतं, ते उद्याच मागवा. कार्बाइन घ्या न घ्या, ते घ्याच.

पीसीत मॅगझिनची विहीर, म्हणजे मॅगझिन बसतं ती खाच, बदलता येते. रूगरची स्वतःची चालतात, विहीर बदलली की ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांचीही. तुमचं पिस्तूल कोणतं ते कळलं तर सांगता येईल. एकच गोळी दोन्हींत, ही कल्पना काही नवी नाही. १८७३ ची विंचेस्टर आणि कोल्टचं रिव्हॉल्व्हर .४४-४० वर अशीच जोडीने चालायची.

---

सोनकी

मी सब-२००० वाली. काकांचं बरोबर आहे, पण त्यांनी तिला फार पटकन मोडीत काढली.

दुमडली की ती सव्वासोळा इंचांची होते. लॅपटॉपच्या सॅकमध्ये मावते. तुमची तिजोरी अरुंद असेल तर हा मुद्दा लहान नाही. पण बोल्टचा दांडा दस्त्याच्या नळीखाली असतो, तो मागे ओढणं तुमच्या हाताला जड जाईल, हे मान्य. शिवाय गाल त्या नळीवरच टेकतो, गोळीमागे गोळी सोडली की गालाला कळतं.

जुनी घेत असाल तर एक बघा. दुसऱ्या पिढीपर्यंतची वरच्या बाजूने दुमडते, म्हणजे रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची काच) लावला की दुमडताना आडवा येतो. तो काढा, पुन्हा लावा, पुन्हा झीरो (डॉट आणि गोळी एका जागी जुळवणं) तपासा. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरवून मग दुमडता येतो, डॉट जागेवर राहतो. एफपीसी बाजूला दुमडते, तिथे हा प्रश्नच नाही, आणि दोन जादा मॅगझिनं दस्त्यात बसतात. तुमच्या जागी मी असते तर सब-२००० सोडून एफपीसी आणि पीसी या दोनच हातात घेऊन पाहिल्या असत्या. माझीच आहे तरी सांगतेय.

---

एडिसनकर

वाचणाऱ्या इतरांसाठी. ओहायोत जे चालतं ते न्यू जर्सीत चालेलच असं नाही. इथे रायफल घ्यायलासुद्धा आधी फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, मॅगझिन १० गोळ्यांचं, आणि दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, टोकाला बाहेरून आटे पाडलेली नळी यांतलं काय काय एकत्र आलं यावर बंदूक बेकायदा ठरू शकते. म्हणून मी पीसीचं साधं मॉडेल घेतलं. नळीला आटे नाहीत, १० चं मॅगझिन. रानजाई, इकडे कुणाकडे गणपतीला येताना ती गाडीत टाकून आणू नका. १९८६ च्या संघीय कायद्यात रिकामी आणि कुलूपबंद करून नुसतं राज्य ओलांडायला संरक्षण आहे, चार दिवस मुक्काम ठोकायला नाही.

---

बारक्या

माझा प्रश्न थोडा अवांतर. मी एच-१बीवर आहे. मित्राच्या कार्बाइनने रेंजवर चार गोळ्या मारल्या तर चालतं ना?

---

खडूस काका

बारक्या, हे हलक्यात घेऊ नकोस. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला संघीय कायद्यानेच मनाई आहे, आणि रेंजवर हातात घेणं हेसुद्धा बाळगण्यात धरलं जातं. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो काढ, वकिलाला दाखव, मग ये. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर आपला एलियन नंबर लिहायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, झालं.

---

दुर्वांकुर

मी महिन्यातून एखादी यूएसपीएसए (इथली नेमबाजी स्पर्धांची संघटना) मॅच खेळतो, तिथे २०१६ पासून या कार्बाइनची वेगळी डिव्हिजन आहे. दोन गोष्टी.

रेड डॉट नळीच्या दीड-दोन इंच वर बसतो. २५ यार्डांवर झीरो केलात की ५ यार्डांवर गोळी साधारण दीड इंच खाली लागते. बंदूक बिघडली म्हणून नव्या लोकांना घाम फुटतो. बिघडलेलं काही नसतं, जवळच्या निशाणाला डॉट थोडा वर धरायचा. पन्नास यार्डांपर्यंत मजेत खेळा. शंभरला गोळी खाली यायला लागते. लांब नळीमुळे वेग थोडा वाढतो, पण म्हणून ती रायफलची गोळी होत नाही.

दुसरं मॅगझिनचं. या बंदुका अडकल्या की दहातल्या नऊ वेळा मॅगझिनकडे बघा. माझ्याकडे बाहेरच्या कंपनीचं एक स्वस्त, लांबलचक मॅगझिन होतं. दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला तोंड वर करून अडकायचं. ते कचऱ्यात टाकलं आणि मूळ कंपनीचं घेतलं, तेव्हापासून तक्रार नाही. ब्लोबॅकमध्ये काजळीही खूप साठते, बोल्टचं तोंड दर वेळी पुसा. आणि मॅचला येणार असाल तर चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते तिथे) घालायची पिवळी-केशरी निशाणी ठेवा, तिच्याशिवाय बॅगेतून बाहेर काढू देत नाहीत.

---

पाषाणभेद

पुण्यातून कुतूहलाने वाचतोय. इकडे मिळेल का असलं काही?

---

सोनकी

नाही. भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे नागरिकांना मनाई असलेलं माप. तुमच्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर 'अस्मि' बनवली तीही ९ एमएमची, पण ती सैन्यासाठी.

त्यावरून आठवलं, रानजाई. रेंजची सॅक भारतवारीला कधीच नेऊ नका, धुऊनसुद्धा नाही. अस्तरात राहिलेली एक जिवंत गोळी विमानतळावर सापडली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा. तिकडे 'चुकून राहिली' हे ऐकायला कुणाला वेळ नसतो.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. भरणयंत्र मागवलं. काका, माझं पिस्तूल ग्लॉक १९, म्हणजे पीसीची विहीर बदलून तीच मॅगझिनं चालतील असं धरते. दांडा डावीकडे घेण्याची कल्पना तर डोक्यातच आली नव्हती.

सोनकी, तिजोरीबद्दल : बंदूक आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत राहतील. पीसी सुटी केली की तिचे दोन्ही तुकडे माझ्या तिजोरीत उभे मावतात, सुतळीने मोजून पाहिलं. पण दुर्वांकुर, डॉट मागच्या भागावर आणि नळी पुढच्या भागावर, मग दर वेळी जोडल्यावर झीरो हलत नाही का?

---

दुर्वांकुर

थोडं हलतं, पण २५ यार्डांच्या कागदावर जाणवेल इतकं नाही. दोन भागांच्या सांध्यापाशी एक आट्यांचं कडं आहे, ते पहिल्याच जोडणीला घट्ट बसवून घ्या, खडखड राहू देऊ नका. सैल राहिलं तरच नेम भटकतो.

---

रानजाई

मग पीसीकडेच कल आहे. आमच्या रेंजवर ती भाड्याने मिळते, एफपीसी मात्र नाही. कोलंबस ते डेटन पट्ट्यात कुणाकडे एफपीसी असेल आणि एखाद्या शनिवारी रेंजवर हात लावू देणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा. गोळ्या माझ्या, वर घरच्या चकल्या.