केशरी कार्डाला गहूच द्या, 170 रुपये नकोत

नियतन_8अ
मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2015 पासून माणशी महिना 5 किलो धान्य मिळायचं. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये. पुढे या योजनेसाठी धान्यच मिळेना, म्हणून जानेवारी 2023 पासून माणशी 150 रुपये खात्यात सुरू झाले. 2024 मध्ये त्याचे 170 झाले.

कागदावर हिशेब चोख बसतो. पाच माणसांचे 850. बाजारात 20 किलो गहू 32 नं धरला तर 640, 5 किलो तांदूळ 40 नं 200. झाले 840. आधी दुकानात 55 रुपये द्यावे लागत, तेही वाचले. मग घर तोट्यात कसं?

एक तर पैसे महिन्याच्या महिन्याला पडत नाहीत, थकून एकदम येतात. पीठ मात्र रोज लागतं. तोवर किराणावाल्याची उधारी, आणि उधारीतला गहू रोखीच्या भावानं कोण देतो? दुसरं, गहू किलोमागं 3 रुपये चढला की या घराचे महिन्याला 60 गेले. 170 चा आकडा जागचा हलत नाही. पूर्वी भाववाढ सरकारी गोदाम सोसायचं, आता चूल सोसते.

भाकरी_ठेचा
अहो, पण दुकानातून घरी आलेलं सगळं ताटात पडतं का? आपल्याकडं पोट भरतं ज्वारीवर. रेशनचा तांदूळ फेरीवाला पडत्या भावानं उचलतो आणि त्या पैशात ज्वारी येते, हे गावोगाव उघड आहे. म्हणजे लोकांनी धान्याचे पैसे आधीच करून घेतले होते, फक्त मधला माणूस खात होता. शिवाय काट्यात मारलेलं वजन, महिन्यात चार दिवस उघडणारं दुकान, ‘सर्व्हर नाही, उद्या या’. एका खेट्यात मजुरीचा अर्धा दिवस जातो, तो तुमच्या 840 मध्ये कुठं धरलाय?

आणि पैसे कुटुंबातल्या बाईच्या खात्यावर येतात, ही गोष्ट लहान नाही.

अंगठा_लागंना
खात्यावर येतात, पण कोणत्या? इथंच निम्मी भांडणं आहेत. ‘आधार लिंक आहे’ आणि ‘आधार सीडिंग आहे’ यात फरक आहे. आधार चार खात्यांना लिंक असू शकतं; सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण जुळवणारी संस्था) नोंदीत शेवटी जे खातं चढलंय तिथंच जातात. कधीकाळी कुणीतरी अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत खातं उघडलेलं असतं. बाई जुनं पासबुक छापत बसते, रक्कम तिकडं साचलेली. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी आधारला चालू मोबाईल हवा, आणि तो नंबर बहुतेक वेळा लेकाचा, लेक पुण्यात. ओटीपी फोनवर मागून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

त्यापुढची अडचण होल्डची. पीककर्ज थकलं की काही शाखा सगळ्या खात्यालाच होल्ड लावतात, म्हणजे त्यातून पैसे काढू देत नाहीत. वाट अशी: पोस्टात अंगठ्यावर खातं उघडायचं आणि सीडिंग तिकडं वळवायचं. नोंद बदलायला काही दिवस लागतात. पण एक ध्यानात ठेवा, लाडक्या बहिणीचे 1500 असोत की पीएम किसानचे 2000, आधारवर येणारं सगळंच मग पोस्टात जाणार. ते घरात आधी सांगा, नाहीतर नवीन बोंब.

कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. बँक मित्राच्या (बँकेच्या वतीनं गावात पैसे देणाऱ्याच्या) मशीनवर दहाही बोटं लावून पाहावी लागतात. न लागल्यास शाखेत पैसे काढायची स्लिप भरावी, हा हक्क आहे.

कोयत्याची_उचल
तुमचा सगळा वाद सातबारावाल्यांचा. ही योजनाच शेतकऱ्यांची, म्हणून केशरी कार्ड असलेला, पण अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत नसलेला भूमिहीन मजूर ना धान्यात, ना 170 त. सामाईक सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि कार्ड सुनेचं वेगळं झालेलं, तिथंही नाव जुळत नाही.

बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जातो. पिवळ्या कार्डाला किंवा प्राधान्यवाल्यांना कार्डाचा 12 अंकी नंबर सांगून तिथल्या दुकानात धान्य मिळायला हवं. नियम तसाच आहे. दुकानदार म्हणतो, ‘तुमचा माल माझ्याकडं आलेला नाही.’ अशांना मात्र रोख परवडली असती, हे नियतनसाहेबांनी कबूल करावं.

नियतन_8अ
कबूल. फिरस्त्या घराला रोख बरी. पण झारखंडात रांचीजवळ नगडीचं आठवा. 2017 मध्ये तिथं रेशनचा तांदूळ रुपया किलोऐवजी बाजारभावानं घ्यायचा, फरक खात्यात, असा प्रयोग झाला. लोक आधी बँकेत, मग बँक मित्राकडं, मग दुकानात. लोक रस्त्यावर उतरले, 2018 मध्ये प्रयोग गुंडाळला.

भाकरी_ठेचा
तिथं पैसे घेऊन परत त्याच दुकानात जायची सक्ती होती, दादा. इथं मोंढ्यात जा नाहीतर आठवडी बाजारात, ज्वारी घ्या नाहीतर तूरडाळ. ही तुलना बसत नाही. महिन्याच्या 5 तारखेच्या आत पैसे द्या आणि रक्कम बाजारभावाला बांधा, माझं म्हणणं एवढंच. नाहीतर कार्डावरच विचारा, धान्य हवं की रोख.

नियतन_8अ
विचारलं तरी दर महिन्याला बदलू देता येत नाही. दुकानाचं नियतन, म्हणजे त्याला किती धान्य द्यायचं ते, आधी ठरतं, गाडी नंतर निघते. वर्षातून एकदा, जूनमध्ये विचारावं लागेल.

कोयत्याची_उचल
जूनमध्ये नको. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) ठरायच्या आधी कोण कुठं जाणार हे घरातही ठाऊक नसतं. दसऱ्याला विचारा.