मदत हवी आहे: फर्नेसची जागा बदलताना गॅसचा पाइप आणि विजेची तार

नमस्कार,

मिशिगन राज्यात डेट्रॉईटच्या उपनगरात आमचे १९५८ साली बांधलेले घर आहे. हिवाळा सुरू होण्याआधी बेसमेंटमधली जुनी फर्नेस (घर तापवणारे गॅसचे यंत्र) काढून ९६ टक्के कार्यक्षमतेची, ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे एकक) नवी फर्नेस बसवायची आहे. बेसमेंटमध्ये एक खोली काढायची असल्यामुळे ती सध्याच्या जागेवरून हलवून समोरच्या भिंतीशी न्यावी लागेल. नुसते यंत्र बदलायचे असते तर विचारण्यासारखे फारसे नव्हते. पण जागा बदलली की गॅसचा पाइप नव्याने ओढावा लागतो, विजेची तारही नवी लागते, आणि नेमक्या याच दोन बाबतींत मला मिळालेली दोन अंदाजपत्रके एकमेकांशी जुळत नाहीत.

गॅसच्या पाइपला मी हात लावणार नाही. ते काम परवानाधारक फिटर करील आणि गावाचा निरीक्षक ते तपासून जाईल. विजेची तार मात्र घरमालकाच्या परवान्यावर स्वतः टाकावी असा विचार आहे. तरीही सही करण्यापूर्वी कोणते काम बरोबर आणि कोणते धोक्याचे, हे मला स्वतःला समजलेले असावे असे मनापासून वाटते, कारण या यंत्राच्या बरोबर वरच मुलांची झोपायची खोली आहे.

आता हिशेब मांडतो. फर्नेस ८०,०००, पाणी तापवण्याचा हीटर ४०,०००, शेगडी आणि ओव्हन मिळून ६५,००० आणि कपडे वाळवण्याचे यंत्र २२,०००, असे एकूण ताशी २,०७,००० बीटीयू होतात. नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात सुमारे १,००० बीटीयू धरले, तर सगळी उपकरणे एकदम चालू असताना ताशी २०७ घनफूट वायू लागेल. मीटरपासून एक इंची पाइप निघतो आणि दहा फुटांवर टी (तीन तोंडांचा जोड) घालून फर्नेसची वीस फुटांची नवी शाखा काढायची आहे. म्हणजे फर्नेस मीटरपासून ३० फुटांवर येईल. सर्वांत लांब आहे ती शेगडी, ५० फुटांवर.

पहिल्या कंत्राटदाराने या शाखेसाठी अर्धा इंची पाइप लिहिला आहे, आणि फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हचे तोंडच अर्ध्या इंचाचे असल्यामुळे त्याहून मोठा पाइप कशाला, असे त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्याने पाऊण इंची लिहिला आहे. गॅस संहितेतला काळ्या लोखंडी पाइपचा तक्ता मी पाहिला (अर्धा इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब वाटेत घटेल असे धरून केलेला). त्यात ५० फूट लांबीच्या ओळीत अर्धा इंची पाइपची क्षमता ताशी ७२ घनफूट, पाऊण इंचीची १५१ आणि एक इंचीची २८४ दिली आहे. ३० फुटांच्या ओळीत अर्धा इंची ९५ आणि पाऊण इंची १९९. माझ्या फर्नेसला ८० लागतात. म्हणजे सर्वांत लांब अंतराची ओळ धरली तर अर्धा इंची पाइप अपुरा पडतो आणि फर्नेसच्या स्वतःच्या अंतराची ओळ धरली तर तोच पाइप पुरतो. यांतली कोणती रीत ग्राह्य धरायची?

याच पहिल्या अंदाजपत्रकात पिवळी लवचिक नळी फर्नेसच्या पत्र्याच्या भोकातून थेट आत, व्हॉल्व्हपर्यंत नेलेली दाखवली आहे. हे मला खटकते, पण ते नियमाला धरून आहे की नाही हे सांगता येत नाही.

विजेचे कोडे निराळे आहे. जुन्या फर्नेसकडे येणाऱ्या केबलमध्ये फक्त काळी आणि पांढरी अशा दोनच तारा आहेत, अर्थिंगची तार नाही, आणि त्याच १५ अँपिअरच्या ब्रेकरवर बेसमेंटचे दिवेही चालतात. एका परिचितांनी सुचवले की, जुनीच केबल पुढे वाढवावी आणि फर्नेसच्या बॉडीचे अर्थिंग शेजारच्या गॅसच्या पाइपला क्लॅम्प लावून द्यावे, कारण तो पाइप जमिनीत गेलेलाच असतो. हे ऐकूनच मन धजावत नाही. जाणकारांनी कृपया याची कारणमीमांसा सांगावी, आणि काम संपल्यावर गळतीची तपासणी माझ्यासमोर कशी व्हायला हवी, तेही सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण सही करण्याआधी विचारले, हे फार चांगले केले. मी याच व्यवसायात आहे, तेव्हा क्रमाने लिहितो.

पाइपच्या मापाच्या दोन्ही रीती संहितेला मान्य आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक तुकड्यासाठी सर्वांत लांबची ओळ धरतात. दुसरीत मुख्य मार्गासाठी सर्वांत लांबची आणि प्रत्येक शाखेसाठी मीटरपासून त्या शाखेच्या टोकापर्यंतची. त्यामुळे अर्धा इंची पाइप कागदावर बसतो, पण कंत्राटदाराने दिलेले कारण मात्र चुकीचे आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मापावरून वीस फुटांच्या पाइपचे माप ठरत नाही. ते अंतर आणि लागणारा वायू यांवरून ठरते. अर्धा इंची पाइपचा एकेक एल्बो (वळणाचा जोड) सुमारे दीड फूट लांबीइतका अडथळा करतो, आणि आपल्या हिशेबात शिल्लक फक्त १५ घनफुटांची आहे. खर्चातला फरक थोडा असतो, म्हणून मी पाऊण इंचीच घेईन आणि माप फक्त फर्नेसपाशी कमी करीन. टीच्या पुढे शेगडीकडे जाणाऱ्या मार्गावर १२७ घनफुटांचा भार राहतो, तिथे पाऊण इंची पाइप चालतो. टीच्या अलीकडचा एक इंची पाइप मात्र एक इंचीच राहिला पाहिजे.

लवचिक नळी फर्नेसच्या पत्र्यातून आत नेण्यास मनाई आहे. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) चालू झाला की पत्रा थरथरतो, आणि पातळ पन्हळी नळी त्या भोकाच्या कडेवर घासत राहते. पत्र्यातून आत जाणारा तुकडा कडक पाइपचाच हवा. बाहेर, हाताला सहज येईल असा, सहा फुटांच्या आत कॉक, त्यानंतर युनियन (पाइप सोडवता येईल असा जोड), आणि फर्नेसच्या अगदी जवळ टी घालून खाली किमान तीन इंचांचा टोपण लावलेला निपल (पाइपचा छोटा तुकडा) हवा. पाइपमधला गंज आणि कचरा त्या निपलमध्ये पडतो, व्हॉल्व्हमध्ये जात नाही. मात्र त्यासाठी टीमध्ये वायूला वळण घ्यावे लागेल अशी तिची मांडणी हवी, नाहीतर निपल नुसता शोभेचा राहतो.

अर्थिंगविषयी आपल्या परिचितांचे ऐकू नका. गॅसचा पाइप विजेच्या पॅनेलशी जोडलेला असावा लागतो, तो अशासाठी की पाइपवर चुकून वीज उतरली तर ब्रेकर पडावा. पण जमिनीखालचा गॅसचा पाइप अर्थिंगचा इलेक्ट्रोड म्हणून वापरण्यास विद्युतसंहितेने स्पष्ट मनाई केली आहे. पॅनेलपासून अर्थिंगच्या तारेसह १४ गेजची नवी तांब्याची केबल आणा. तीच अर्थ तार फर्नेसला जोडलेल्या गॅसच्या पाइपचेही बाँडिंग (पॅनेलशी जोडणी) करते. फर्नेसला स्वतंत्र सर्किट बंधनकारक आहे, त्यामुळे दिवे त्यावरून काढावे लागतील. पाणी उपसणारा छोटा पंप किंवा ह्युमिडिफायर यांसारखी फर्नेसचीच जोडउपकरणे त्यावर चालतात. आणि एक गोष्ट भारतात वायरिंग केलेल्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो: तिकडे काळी तार न्यूट्रल असते, इथे काळी तार जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. या दोन तारा उलट लागल्या किंवा अर्थ जोडलेला नसला, तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीतून वाहणारा मायक्रोअँपिअरचा प्रवाह फर्नेसच्या नियंत्रण बोर्डाला नीट कळत नाही आणि फर्नेस पेटून काही सेकंदांत बंद पडत राहते.

गळतीच्या तपासणीच्या वेळी फर्नेसचा व्हॉल्व्ह पाइपपासून वेगळा केलेला असला पाहिजे, कारण तो साधारण अर्ध्या पीएसआयपर्यंतच (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर एक पौंड दाब) दाब सोसतो. हवा किंवा नायट्रोजन भरून किमान ३ पीएसआयवर किमान दहा मिनिटे काटा स्थिर राहिला पाहिजे. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. दाबमापक शंभर पीएसआयचा आणला असेल तर तो परत पाठवा. मापकाची कमाल मर्यादा चाचणीच्या दाबाच्या पाचपटीहून जास्त असू नये, नाहीतर बारीक गळती दिसतच नाही. वायू सोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. शेवटी बाकी सर्व उपकरणे बंद करून फर्नेस पूर्ण क्षमतेवर चालवा आणि मीटरवरची दोन घनफुटांची छोटी तबकडी पाहा: एका फेरीला सुमारे ९० सेकंद लागले, तर फर्नेस ताशी ८० घनफूट घेत आहे.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. जुनी फर्नेस आणि पाण्याचा हीटर यांचा धूर बहुधा एकाच विटांच्या धुराड्यातून जात असेल. नवी फर्नेस प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जाईल आणि दोघांसाठी बांधलेल्या त्या मोठ्या धुराड्यात ४०,००० बीटीयूचा हीटर एकटा उरेल. त्याचा धूर वर जाईपर्यंत थंड पडतो, ओढ मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइड बेसमेंटमध्ये उलटून येऊ शकतो. शिवाय हीटर बंदिस्त खोलीत आला तर ज्वलनासाठी दर १,००० बीटीयूला ५० घनफूट, म्हणजे २,००० घनफूट हवा लागेल. तेवढी नसेल, तर शेजारच्या मोकळ्या भागाकडे उघडणाऱ्या, प्रत्येकी किमान १०० चौरस इंचांच्या दोन जाळ्या हव्यात: एक छताजवळ, एक जमिनीजवळ. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आत्ताच खाली जाऊन पाहिले: दोन्ही उपकरणांचे धुराचे पाइप एकाच विटांच्या धुराड्यात शिरतात, आणि दोन्हींपैकी एकाही अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख नाही. हीटर ज्या खोलीत येणार आहे ती १० फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेसात फूट उंच, म्हणजे ७५० घनफुटांची असल्याने जाळ्यांवाचून भागणार नाही. पाऊण इंची पाइप, कडक पाइपचा प्रवेश आणि धुराड्याची व्यवस्था हे तिन्ही मुद्दे लेखी घालून सुधारित अंदाजपत्रके मागवत आहे. धुराड्यात हीटरपुरते अस्तर घालावे, की हीटरच बदलून पंख्याने धूर बाहेर टाकणारा घ्यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सध्याचा हीटर बारा वर्षे जुना आहे. आपण या जागी काय केले असते?