डिकीत सीएनजीची टाकी, माणसं चार: टेंट कुठला?

अ. (पार्ले):

मंडळी, उत्तर बुधवारपर्यंत हवंय. धाकटा भाऊ गुरुवारी न्यूजर्सीहून निघतोय आणि सहाजणांचा इन्स्टंट टेंट घेऊन येतो म्हणतोय. पिशवी १२२ × २५ × २५ सेंटीमीटर, वजन साडेअकरा किलो. आम्ही दोघं आणि मुलं, ९ आणि ५ वर्षांची. गाडी हॅचबॅक, डिकीत सीएनजीची टाकी. छपरावर काही बांधायचं नाही हे घरात ठरलंय. पुढच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट भंडारदरा, काजव्यांसाठी. त्याला आणू दे, की दादरहून चारजणांचा साधा डोम घेऊ?

शि. (मुलुंड):

अगं, आणू देऊ नकोस. पहिली अडचण विमानातच. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. तुझी बेरीज १७२ होते, म्हणजे जादा आकाराचे पैसे भरा. दुसरी अडचण गाडीत. टाकीपुढे उरते ती एक आडवी फट. तीत १२२ सेंटीमीटरची पिशवी कदाचित शिरेल, पण मग बाकीचं सामान कुठे?

टेंट निवडताना एकच प्रश्न आधी विचार: पोल, म्हणजे टेंटचे दांडे, कापडापासून सुटे होतात का? इन्स्टंटचे होत नाहीत. ते कापडाला कायमचे जोडलेले असतात, म्हणून पिशवी मिटलेल्या सर्वांत लांब पोलाएवढी. डोमचे पोल तुकड्यातुकड्यांचे असतात आणि वेगळे निघतात. डोम त्याच्याच पिशवीत कोंबायचं बंधन नाही. पोलची ६०-६५ सेंटीमीटरची जुडी मागच्या सीटपुढे, मुलांच्या पायांखाली. मुलांचे पाय तिथे पोचतच नाहीत, ती जागा रिकामीच जाते. कापडाची घडी न घालता ते टाकीभोवतीच्या खोबणीत दाबून भरायचं, उशीसारखं बसतं.

आता माप. पाकिटावर 'चारजणांचा' म्हणजे माणशी साधारण ६० सेंटीमीटर आणि सामान शून्य. ८ × ७ फुटी अजिबात नको. ९ × ७ फुटी म्हणजे २७४ × २१३. मोठ्यांना ६५-६५, मुलांना ५०-५०, एकूण २३०. उरलेल्या ४४ सेंटीमीटरमध्ये दोन सॅक उभ्या राहतील. या दोन मुलांना पुढची तीनेक वर्षं चालेल, त्यापुढे नाही. डोमच्या भिंती आत झुकतात, म्हणून २१३ लांबीत उंच माणसाचं डोकं किंवा पाय कापडाला लागतात आणि पहाटे पांघरूण ओलं होतं. सहाजणांचा १० × ९ फुटी घेतलास तर हे सगळं सुटतं. कापड थोडं वाढतं, पोलची जुडी थोडीच जाड होते.

मी. (ठाणे, साहित्य):

शि. काका, मापाचं पटलं, बाकीचं अर्धंच. ऑफिस सुटल्यावर निघून घोटीचं वळण घेईपर्यंत रात्र झालेली असते. इन्स्टंट दोन-तीन मिनिटांत उभा राहतो. सहाजणांचा डोम अंधारात, हेडलॅम्पवर, दोन माणसांना वीस मिनिटं घेतो, तेही आधी सराव असेल तर. आणि उंची कुणी विचारात घेत नाही. १३० सेंटीमीटरच्या टेंटात बायकांना गुडघ्यांवर बसून कपडे बदलावे लागतात. १८० असेल तर उभं राहता येतं. 'कुटुंबासाठी' म्हणायचं तर हे आधी बघावं.

इन्स्टंटची खरी खोट वेगळीच आहे. वरचा प्लॅस्टिकचा सांधा फुटला की अख्खा टेंट बसतो. तो सांधा इथे मिळत नाही आणि डोंगरात जुगाडही होत नाही. डोमचा फायबरग्लासचा पोल चिरला तर १० सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची नळी चिरेवर सरकवा, दोन्ही टोकांना कापडी टेप गुंडाळा, ट्रिप पूर्ण होते. पोल टेंटवर शिवलेल्या बाहीत घालताना ढकलायचा, ओढायचा नाही. ओढला की आतलं इलॅस्टिक ताणतं, तुकडे सुटतात आणि मधला तुकडा बाहीतच अडकतो. काढतानाही ढकलूनच. पोलची घडी मधून सुरू करा, म्हणजे इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. चिरलेल्या फायबरग्लासला उघड्या हाताने धरू नका, कुसं शिरतात.

आपल्या मंडळाचं साहित्य मी सांभाळते, त्यातला सहाजणांचा डोम माझ्याकडे आहे, उंची १८०. आधी तो वापरून बघा, मग खरेदी. मात्र नोंद माझ्याच वहीत होईल. परस्पर एकाने दुसऱ्याला दिलेला टेंट परत येताना पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, मोजलेले नसतात, हे इथे तिसऱ्यांदा लिहितेय.

रा. (डोंबिवली):

पेगचा विषय निघालाच आहे तर. टेंटबरोबर येणारे बारीक तारेचे पेग भंडारदऱ्याला निरुपयोगी. चार बोटं माती, खाली मुरूम नाहीतर कातळ. मेमध्ये तर माती विटेसारखी. दुसऱ्या ठोक्याला पेग वाकतो. वेल्डरकडून ८ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे करून घ्या: ३० सेंटीमीटर सरळ, ६ सेंटीमीटर वाकवून आकडा, खालचं टोक ग्राइंडरवर अणकुचीदार. बारा पेगना ४.३२ मीटर सळई लागते, वजन पावणेदोन किलोच्या आत. डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवून ठोकायचं. उपटताना आकड्यात दुसरा पेग अडकवून आधी फिरवा, मग ओढा. मंडळाच्या पिशवीतले १० मिलिमीटरचे उगाच जड आहेत.

मी. (ठाणे, साहित्य):

उगाच नाहीत. ८ चे नवीन असताना ठीक. मुरमात दहा वेळा ठोकल्यावर तेही वाकतात, आणि मंडळाचे पेग वर्षभर वेगवेगळ्या हातांत असतात. घरच्यासाठी ८, सार्वजनिकसाठी १०.

रा. (डोंबिवली):

हे मान्य. पण काशिदला वाळूत दोन्ही चालत नाहीत, सरळ उपटून येतात. तिथे धान्याची छोटी गोणी वाळूने भरायची, तोंडाला ताणाचा दोर बांधायचा आणि हातभर खोल पुरायची. टेंट भरतीच्या रेषेच्या बराच वर. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचं उधाण रोजच्या रेषेवर थांबत नाही.

के. (न्यूजर्सी):

इकडून एक सूचना, कारण असे टेंट इथून नेणारे बरेच आहेत. इथल्या स्वस्त डोमचं छत जाळीचं असतं आणि फ्लाय, म्हणजे वरून घालायचं पावसाचं कापड, टोपीसारखी अर्ध्यावरच थांबते. सरळ पडणाऱ्या पावसाला ती पुरते. लेबलवर ६०० मिलिमीटर की १५०० ते बघा. तो आकडा म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी आत झिरपत नाही. फ्लायला १५०० ते २००० पुरे. जमिनीला त्याहून जास्त हवं, कारण गुडघा टेकला की एका जागी दाब येतो.

शि. (मुलुंड):

बरोबर, आणि तारीख बघा: मेअखेर. काजव्यांचे दिवस आणि वळवाचे दिवस एकच. वळीव आडवा येतो, अर्ध्या फ्लायखालून जाळीतून थेट अंथरुणात. फ्लाय जमिनीच्या वीतभर वर संपणारी हवी आणि वर झडप हवी. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभर वाफ निघते. झडप बंद ठेवली तर ती कापडावर साचून थेंबथेंब गळते आणि लोक म्हणतात टेंट गळतो. दोन टोकांच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, पावसातही.

खाली ताडपत्री घालणार असाल तर तिची कड टेंटच्या तळापेक्षा ५ सेंटीमीटर आत दुमडा. बाहेर राहिली की फ्लायवरून ओघळणारं पाणी ताडपत्रीवर पडतं आणि सगळं तळाखाली गोळा होतं. 'नवा टेंट खालून गळला' या तक्रारीमागे मी बघितलेलं कारण दहातल्या आठ वेळा हेच.

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा, त्याच बाजूचे दोन कोपरे आधी ठोका, मग पोल उभे करा. ताणाचे दोर गाडीला बांधू नका. कुणी विसरून गाडी हलवली तर टेंट फाटतो. विजा सुरू झाल्या की मुलांना घेऊन गाडीत बसा, काचा बंद. पत्र्याचं छप्पर असलेली गाडी सुरक्षित, टेंट नाही. आणि शेगडी टेंटात कुठल्याही हवामानात नको.

व. (गिरगाव):

सगळे उभारण्याचं बोलताहेत. मुंबईत टेंट मरतो तो घरातल्या माळ्यावर. कापडाच्या आतल्या बाजूला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असतो. ओलाव्याने तो विरघळल्यासारखा चिकट होतो, आंबट वास येतो, शिवणीवरच्या टेपचे पापुद्रे सुटतात. एकदा चिकट झालं की ते कापड संपलं. जूनमध्ये ओला गुंडाळून ठेवलेला टेंट दिवाळीत उघडलात तर हेच दिसेल.

परत आल्या रात्रीच पिशवीतून बाहेर काढायचा, सकाळी नाही. फ्लाय गॅलरीच्या दोरीवर, आतला टेंट दारावर, पंखा चालू. पावसाळी हवेत दोन दिवस लागतात. तळाची शिवण आणि पोलच्या बाह्या सर्वांत शेवटी सुकतात, बोटांनी चाचपून बघा. मग मूळ पिशवीत करकचून बांधायचा नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. इथेही काकांचाच मुद्दा लागू होतो: पोल सुटे असतील तरच टेंट दोन खोल्यांच्या घरात वाळवता येतो. इन्स्टंटचा सांगाडा उघडायला दिवाणखाना रिकामा करावा लागेल.

अ. (पार्ले):

ठरलं. भावाला नको सांगितलं. त्याऐवजी शिवणीला लावायचं सीम सीलर आणि पोलवर चढवायच्या दोन दुरुस्ती-नळ्या आणतोय, त्या बॅगेच्या कोपऱ्यात मावतील. मीताई, मंडळाचा डोम शुक्रवारी जाताजाता घेऊ का? ठाणं वाटेतच आहे.

मी. (ठाणे, साहित्य):

शुक्रवारी नको, गुरुवारी सातनंतर या. एकदा सोसायटीच्या आवारात दोघांनी मिळून दिव्यांच्या उजेडात उभारा, मग परत मोडून भरा. अंधारात पहिल्यांदा उघडू नका. १२ पेग, ४ पोल, ६ दोर माझ्यासमोर मोजून घ्या. हातोडी पिशवीत नाही, ती डोंबिवलीकरांकडे आहे.

रा. (डोंबिवली):

बुधवारी पोचवतो.