मदत हवी आहे: वेगासचं नवं आशियाई थीमचं रिसॉर्ट टिकेल का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

रानजाई (12 एप्रिल 2021)
पटकन सल्ला हवा आहे. रिसॉर्ट्स वर्ल्डची ऑफर आली आहे, पगार आत्ताइतकाच. नवरा म्हणतो घेऊन टाक, माझा जीव होत नाही. गेली 9 वर्षं कामावर जाताना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून ती जागा बघतेय. आधी कित्येक वर्षं नुसता अर्धवट सांगाडा होता, आता लाल काच चढली आहे. आशियाई थीम आहे म्हणून चालणारच असं सगळे सांगतात. मग तसलंच लकी ड्रॅगन कसिनो-हॉटेल का बुडालं? नोव्हेंबर 2016 ला उघडलं, जानेवारी 2018 ला कसिनो बंद. कोणीतरी नीट सांगा, शुक्रवार जवळ आलाय.

कोकणकडा
काम कुठलं? आत्ता कुठे आहात? युनियन आहे का? ग्रीन कार्ड की व्हिसा? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मांडवीकाठ
मी पणजीला बोटीवर सहा वर्षं डीलर होतो, म्हणून अनुभवाने सांगतो. थीम बघून कोणी खेळायला येत नाही. आमच्याकडे मालकाने एकदा हॉल नव्याने सजवला, कंदील काय, पडदे काय. टेबलावर माणसं तीच, हैदराबादची आणि गुजरातची, आणि ती येतात होस्टच्या, म्हणजे मोठी गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या कसिनोच्या माणसाच्या फोनवर. कोण उधारी देतो, कोण गाडी पाठवतो, यावर मोठं गिऱ्हाईक ठरतं. वेगासला बॅकारा या पत्त्यांच्या जुगाराचे मोठे खेळाडू बेलाजिओ, विन, व्हेनेशियन, सीझर्सकडे आधीच बांधलेले आहेत. ते हलवायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात.

मिलपिटासकर
लकी ड्रॅगनशी तुलनाच चुकीची आहे. ते 203 खोल्यांचं, स्ट्रिपपासून, म्हणजे कसिनोंच्या मुख्य रस्त्यापासून आत सहारा ॲव्हेन्यूवर. पाट्यांवर आधी चिनी मग इंग्रजी, बारच्या वर काचेचा भलामोठा ड्रॅगन. मी दोनदा गेलो, जेवण उत्तम आणि टेबलं रिकामी. गावातल्या आशियाई लोकांना जेवायला स्प्रिंग माउंटन रोड आहे आणि खेळायला गोल्ड कोस्ट कसिनो. त्यांनी आडबाजूला कशाला जावं? रिसॉर्ट्स वर्ल्ड साडेतीन हजार खोल्यांचं आहे, 4.3 अब्ज डॉलरचं. मागे गेंटिंग कंपनी आहे, म्हणजे सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं रिसॉर्ट्स वर्ल्ड चालवणारे.

मांडवीकाठ
मागे मोठा मालक आहे म्हणून धंदा चालतो असं नाही. त्याच जागेवर आधीच्या कंपनीने 2007 मध्ये जुनं स्टारडस्ट कसिनो पाडलं आणि ऑगस्ट 2008 ला तिथल्या नव्या एशलॉन रिसॉर्टचं काम अर्ध्यात थांबवलं. ती कंपनीही लहान नव्हती. रानजाईंनी पाहिलेला सांगाडा तोच.

सिंगापूरची_मावशी
गेंटिंग म्हणजे मलेशियातलं ना? आम्ही टूरबरोबर गेलो होतो. केबल कारमध्ये ढगच ढग, ह्यांना तर थंडीच वाजली. त्यांचंच सुपरस्टार लिब्रा जहाज मुंबईहून सुटायचं, तेव्हा भाऊजी गेले होते. व्यवस्था फार छान. स्वेटर मात्र न्या.

कोकणकडा
मावशी, त्या नोकरीचं विचारतायत.

रानजाई
एवढे प्रश्न का विचारताय? फ्रंट डेस्क. ग्रीन कार्ड आहे. आत्ता स्ट्रिपवरच्या एका जुन्या हॉटेलात आहे, नाव देत नाही. गेल्या मार्चमध्ये कोविडमुळे घरी बसवलं, मग परत बोलावलं, पण आठवड्याला तीनच दिवस. रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये पूर्ण वेळ आहे. मला एवढंच सांगा, ते टिकेल का?

मिलपिटासकर
टिकेल. पण आशियाई थीमच्या जोरावर नाही, ती थीम आता उरलेलीच नाही. 2013 मध्ये जागा घेतली तेव्हा पांडा आणायचे होते, चीनच्या भिंतीची प्रतिकृती उभारायची होती. सगळं गळालं. 2018 च्या शेवटी विनने इमारत आपल्यासारखी दिसते म्हणून दावा लावला, तेव्हा दर्शनी भागही बदलावा लागला. आता आत हिल्टन, कॉनराड आणि क्रॉकफर्ड्स अशी तीन हॉटेलं आहेत. हिल्टनचे पॉइंट जमवणाऱ्या पाहुण्यांनी खोल्या भरतील, शेजारी कन्व्हेन्शन सेंटरचा नवा हॉल येतोय.

मांडवीकाठ
आणि चीनमधून कोण येणार? बीजिंगचं थेट विमान गेल्या वर्षापासून बंद. मदार लॉस एंजेलिसकडून गाडीने येणाऱ्यांवर, आणि ते वाटेत बाकीची सगळी हॉटेलं ओलांडून उत्तर टोकाला का जातील? पलीकडचं फॉन्टेनब्लो हॉटेलही अजून अर्धवट उभं आहे.

पुणेरी_हिशोबनीस
तुम्ही दोघं मालकाचा हिशोब मांडताय, त्या बाईंचा नाही. रानजाई, रिसॉर्ट दहा वर्षांनी कुठे असेल हे सोडा. 9 वर्षांच्या ज्येष्ठतेवर काय मिळतं ते लिहा. शिफ्ट, सुट्टी, विमा?

रानजाई
ज्येष्ठतेवर सकाळची शिफ्ट मिळते, मुलगी शाळेतून येईपर्यंत घरी पोचते. विमा माझ्याच नोकरीवर आहे. नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षीच गेली.

कोकणकडा
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

पुणेरी_हिशोबनीस
मग आधी एवढं विचारून घ्या. नवा विमा कुठल्या तारखेपासून? कायद्याने प्रतीक्षा 90 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, पण 90 दिवसही तीन माणसांना लांबच. मधल्या काळात कोब्रा नावाच्या कायद्याने जुना विमा चालू ठेवता येतो, हप्ता सगळा आपल्या खिशातून. या महिन्यापासून सरकार जो हप्ता भरतंय तो नोकरी गेलेल्यांसाठी आणि तास कापले गेलेल्यांसाठी. स्वतःहून सोडणाऱ्याला तो मिळत नाही. आणि शिफ्ट लेखी घ्या.

सिंगापूरची_मावशी
मुलगी कितवीत आहे?

रानजाई (15 एप्रिल)
तिसरीत. मावशी, विचारलंत, बरं वाटलं.
आज फोन केला. विमा लगेच नाही, शिफ्ट लेखी द्यायला तयार नाहीत, पण नवीन असल्यामुळे तिथे सगळेच पहिल्या दिवसाचे. माझ्या पुढे कोणी ज्येष्ठ नाही. इथे तीन दिवसांचे पाच कधी होतील हे कोणी सांगत नाही. रात्रभर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. साठवलेल्यातून कोब्राचे तीन हप्ते निघतात. हो म्हणून कळवलं.
आता दुसरं विचारते. मँडरिन अजिबात येत नाही. उघडायच्या आत डेस्कपुरतं शिकता येईल का?

मिलपिटासकर
स्वागत, पासपोर्ट, लिफ्ट कुठे, एवढं आलं तरी पाहुणा खूश होतो. आकडे आधी पाठ करा. कार्ड आणि किल्ली दोन्ही हातांनी द्या.

मांडवीकाठ
आणि नंबरात 4 असलेली खोली विचारल्याशिवाय देऊ नका, चिनी लोकांत तो उच्चार मरणासारखा लागतो. काही हॉटेलांत तर चाळिशीचे मजलेच नाहीत. 8 शुभ, ती असलेली खोली शिल्लक असेल तर तीच आधी काढा.