प्रतिसाद: पाच किल्ल्या आणि एक टॉवेल

वर तुम्ही म्हणालात की 'लॉफ्ट' या थ्रिलर सिनेमाचा शेवट ओढूनताणून आणलाय आणि असं कथानक मुंबईत घडूच शकत नाही. शेवटाचं मान्य, पण दुसऱ्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही.

मी 2008 चा मूळ बेल्जियन सिनेमा पाहिलाय. (अमेरिकन रिमेकही त्याच दिग्दर्शकाचा, पण तो मला फिका वाटला.) पाच विवाहित मित्र, बायकांपासून लपवून ठेवलेली एक जागा, पाचच किल्ल्या. तिथे एका बाईचं प्रेत सापडतं आणि कुलूप तर फोडलेलं नाही! खरी भीती प्रेताची नाहीच. वीस वर्षं ज्याच्या खांद्यावर हात टाकून हिंडलो, त्याच्या खिशातल्या किल्लीकडे बघायची वेळ येते, ती भीती.

आणि मुंबईचं म्हणाल, तर नानावटी खटला आठवा, नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो. 1959 साल. मारला गेलेला प्रेम आहुजा घरोब्यातलाच मित्र होता. आंघोळ करून नुकताच बाहेर आलेला, कमरेला टॉवेल. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता. मग टॉवेल जागचा हलला कसा नाही, हा सरकार पक्षाचा सवाल. तरी ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली.

त्या टॉवेलइतका साधा, घरगुती पुरावा आपल्या थ्रिलरवाल्यांना का सुचत नाही? आमच्या दादरच्या सोसायटीत वॉचमनच्या वहीत प्रत्येक पाहुण्याची वेळ लिहिलेली असते. ती एक वही घेऊन मराठीत कुणीतरी हे लिहायलाच हवं, अगदी मनापासून वाटतं.