जिल्हापेठेत पेशंटला चालवत न्यायचं कुठून?

यावलकर
माझ्या नानांचं डायलिसिस जळगावला जिल्हापेठेत चालतं. यावलहून एसटीने नवीन बसस्थानकावर उतरतो आणि भास्कर मार्केटकडे, दवाखान्यात जायला, पायी निघतो. अंतर थोडंच, पण फूटपाथवर मोटारसायकली, मेडिकलचे बोर्ड, रसवंतीचा गाडा. दहा पावलं वर, की पुन्हा खाली रस्त्यावर. जाताना नाना निभावतात. डायलिसिसनंतर बीपी उतरतं, अंधारी येते, तेव्हा तीच पायरी झेपत नाही. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून केलेली शीर, डाव्या हाताला, तो हात धरायचा नाही. उजवीकडून आधार देतो, तर डावा हात गाड्यांच्या हँडलला घासेल याची सारखी धास्ती.

जो तो पार्किंग वाढवा म्हणतो. एसटीने येणाऱ्या पेशंटचं काय? नगरसेवकांना निवेदन द्यायचंय, त्यात नेमकं काय मागू?

ड्राफ्ट्समन धुळे
दादा, 'फूटपाथ सुधारा' असं मोघम लिहू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ चा, म्हणजे पादचारी सोयींच्या मार्गदर्शक सूचनांचा, आधार घ्या. कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी, बाजारपेठेत २.५. रस्त्यापासून उंची १५ सेंटिमीटरच्या आत, टोकाला १:१२ चा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मोकळी म्हणजे खांब, विजेच्या डीपीच्या पेट्या सोडून. सिग्नलचा वेळही मागा. हिशेब सेकंदाला १.२ मीटर चालीचा धरतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत. नाना निम्म्या चालीने गेले तर २० लागतील. दुभाजकात व्हीलचेअर मावेल एवढी थांबायला जागा हवीच.

रिक्षावाला जळगाव
भाऊ, आमचंही लिहा. दवाखान्याच्या दारात पेशंट उतरवायला जागाच नसते. रिक्षा थांबवली की मागे अँब्युलन्स अडकते. तिला वाट दिली नाही तर १०,००० दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. पण पेशंटला भर रस्त्यात कसं सोडू? दोन रिक्षांची जागा फक्त चढ-उतारासाठी आखून द्या.

सिस्टर पाचोरा
सावली विसरू नका. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून असतं, मे महिन्याच्या उन्हात फार हाल होतात. रुंदीसाठी कडुनिंब तोडू देऊ नका. त्याखाली बाक मागा.

यावलकर
सगळ्यांचे आभार. बसस्थानकाच्या गेटपासून भास्कर मार्केटपर्यंत एकच सलग पट्टा मागतो, रिक्षाची जागा, बाक सगळं त्यातच. रविवारी टेप घेऊन मोजणार आहे. ड्राफ्ट्समन भाऊ, गटारीवरची झाकणं रुंदीत धरायची का?

ड्राफ्ट्समन धुळे
सपाट असतील आणि हलत नसतील तरच. हलणारी सोडून मोजा, त्यांचे फोटो निवेदनाला जोडा.