टेबलावरच्या वस्तूंचे फोटो: खिडकी, पुठ्ठा आणि बाकीचं

लेखासोबत द्यायचे फोटो बहुतेक वेळा टेबलावर मावणाऱ्या वस्तूंचे असतात: विणकाम, पुस्तक, कुंडी, दुरुस्तीला उघडलेलं यंत्र. अशा फोटोंसाठी हा धागा. ‘उजेड चांगला हवा’ एवढंच लिहू नका. तो कुठून यावा, किती अंतरावरून यावा आणि फोटो बिघडला तर कशामुळे, हे आकड्यांसकट लिहा.

सुरुवात खिडकीपासून करते. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा आणि वस्तू तिच्यापासून अर्धा ते एक मीटरवर ठेवा. वस्तूच्या जागेवरून खिडकी जितकी मोठी दिसते, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ येतात. वस्तू खोलीत तीन मीटर आत नेली, तर तिच्या दृष्टीने खिडकी लहान होते, सावली कडक होते. उजेडही इतका घटतो की फोन आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात. ऊन येत असेल तर काचेवर बटर पेपर किंवा पातळ पांढरं कापड लावा. उजेड बाजूने येऊ द्या. खिडकीला पाठ करून फोटो काढला, तर कापडाचा किंवा लाकडाचा पोत सपाट होऊन जातो.

आणि खोलीतले दिवे बंद. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन किंवा त्याहून निळा असतो, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. दोन्ही एकदम पडले की वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) त्यातली एकच बाजू सुधारतो.

* * *

खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा हवाच. ए३ आकाराचा पुरतो, थर्माकोलचा तुकडाही चालतो. वस्तूपासून २०-३० सेंमीवर, किंचित खिडकीकडे कललेला. जवळ सरकवला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. स्क्रीनकडे बघत सरकवायचा आणि आवडेल तिथे थांबवायचा. चकचकीत फॉइल टाळा, त्याने ठिपक्याठिपक्यांचा उजेड पडतो.

काळ्या पुठ्ठ्याचा उपयोग फार कमी लोक करतात, आणि ते खटकतं. पांढरी वस्तू पांढऱ्या पार्श्वभूमीवर असेल, किंवा काचेची असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. कडा रेखल्यासारख्या उमटतात. त्यांच्याशिवाय काच पार्श्वभूमीत विरघळते.

सावलीकडचा भाग विनाकारण तांबूस दिसत असेल, तर अंगातला लाल शर्ट तपासा. कपड्यांचा आणि भिंतींचा रंगही उजेडासोबत वस्तूवर येतो.

* * *

पांढरी वस्तू राखाडी का येते, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. सगळं पांढरं असलं की तो उजेड कमी करतो, सगळं काळं असलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१, काळ्यासाठी -०.७ ते -१. फोनवर वस्तूवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. मग शेजारची सूर्याची खूण वरखाली सरकवा. पण पांढऱ्यातला पोत नाहीसा व्हायच्या आत थांबा. जेपीईजीमध्ये पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर परत आणता येत नाही.

* * *

कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी. ५० मिमी एफ/१.८ लेन्स मिळाली की सगळे फोटो १.८ वरच काढायचा मोह होतो (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) अर्ध्या मीटर अंतरावरून, एफ/१.८ ला जेमतेम १ सेंमी खोली स्पष्ट येते. एफ/५.६ ला साधारण तीन सेंमी, एफ/८ ला चारच्या थोडं वर. कपाची पुढची कड स्पष्ट आणि कान धूसर, हा त्या १ सेंमीचाच परिणाम. वाचकाला वस्तू दाखवायची असेल तर ५.६ ते ८. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो थोडा मऊ पडतो.

एफ/८ ला शटर मंदावतं, जास्त वेळ उघडं राहतं, म्हणजे ट्रायपॉड आलाच. सोबत २ सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाचा धक्काही फोटोत उतरतो.

* * *

फोनवाल्यांचं दुखणं वेगळं. मुख्य लेन्स बऱ्याच फोनमध्ये २४ ते २६ मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद. चौकट भरण्यासाठी फोन वस्तूला भिडवला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. दोन पावलं मागे जा, २एक्स वर घ्या. पोर्ट्रेट मोड वायर, दोरा, पातळ दांडा यांच्या कडा खातो. वस्तूंसाठी तो बंदच ठेवा. फ्लॅशही नको, तो लेन्सच्या शेजारूनच मारा करतो.

लेन्स पुसा. फोटो धुरकट येण्याचं पहिलं कारण बोटांचा तेलकटपणा असतो.

* * *

कृती टप्प्याटप्प्याने दाखवायची असेल तर सगळ्या फोटोंत कोन आणि रंग एकच राहिला पाहिजे. ट्रायपॉडच्या पायांच्या आणि वस्तूच्या जागा टेबल-जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोलाच पक्के करा. नाहीतर चौथ्या टप्प्यात हात चौकटीत आला की ऑटो सगळं बदलतं आणि वाचकाला वाटतं की वस्तूचाच रंग बदलला. पहिल्या चौकटीत एक राखाडी कार्ड ठेवून जादा फोटो घ्या. रंग सुधारताना व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने त्याच्यावर क्लिक केलं की पुरे.

सपाट वस्तू बरोबर वरून, उंच वस्तू तिच्याच उंचीवरून, बाकीच्या साधारण ४५ अंशांतून.

* * *

काचेच्या फ्रेममधल्या चित्राचं राहिलं. कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर धरा आणि उजेड दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून येऊ द्या, म्हणजे चमक लेन्सकडे येत नाही. तरीही काचेत काढणाऱ्याचं प्रतिबिंब दिसलं, तर कॅमेऱ्यापुढे काळं कापड धरा, त्यात लेन्सपुरतं भोक पाडून. पोलरायझर (चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर) इथे फारसा कामाचा नाही: काचेवरची चमक तो तिरक्या कोनातून चांगली कापतो, समोरून नाही.

* * *

शेवटी फाइल. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० × ३०००, एवढं बहुतेक पडद्यांना लागत नाही. लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ८०, रंग एसआरजीबी (वेबवर सर्रास चालणारी रंगांची पद्धत). अ‍ॅडोबी आरजीबीत ठेवलेला फोटो काही ठिकाणी फिका दिसतो. आधी आकार कमी करा आणि मग हलकं शार्पन. उलट केलं तर आकार कमी होताना शार्पनचा परिणाम बराचसा निघून जातो. आयफोनची एचईआयसी फाइल बऱ्याच ब्राउझरांत उघडत नाही, ती जेपीईजी करून घ्या.

घरात काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदलेले असतात. फोटो बाहेर देण्याआधी ती माहिती काढून टाका, आणि कॅमेरा अ‍ॅपला दिलेली लोकेशनची परवानगीही बंद करा.